घूंचे वैरी

शेजारच्या नानांच्या मेहनतीवर मी एका दुपारी हसतमुखाने पाणी फिरवलं. हेतू वाईट नव्हता. वाईट असता तर इतकं नीटनेटकं जमलंच नसतं. गुंता दिसला की माझे हात शिवशिवतात. कुणाची लोकर असो, परकराची नाडी असो, सोडवल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. तेव्हा मी साठीत नुकतंच पाऊल टाकलेलं, म्हणजे अक्कल यायचं वय अजून लांब होतं. त्या साठीतल्या शहाणीने नानांच्या टेबलावर उलटा पडलेला पत्र्याचा डबा पाहिला, आत दोन-दोन तारा एकमेकींना पीळ घालून बसलेल्या पाहिल्या, आणि ती मनात म्हणाली, ‘अगं बाई, काय हा गबाळेपणा!’

पण आधी नाना कोण ते सांगते.

जळगावात आमच्या कॉलनीत नानांची नि आमची भिंत एक. कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहून निवृत्त झालेला हडकुळा माणूस, डावा कान कायम जरा पुढे. ते घरी वॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे गाण्याचा आवाज मोठा करणारे पत्र्याचे डबे, बनवतात. वॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्या. चालू केल्या की आतली बारीक तार निखाऱ्यासारखी लाल होते. त्या तारेला म्हणतात हीटर. मी हे अर्धवट ऐकलं आणि ‘भर मे महिन्यात नाना हीटर बनवताहेत’ अशी बातमी कॉलनीभर केली. दोघी-तिघी तर त्यांच्या बायकोला, अक्कांना, धीर द्यायला जाऊन आल्या.

माणूस गाण्याचा शौकीन म्हणावा, तर तसंही नाही. गाणं थांबल्यावर मागे काय उरतं, यातच त्यांचा जीव. “घरातली वीज कच्ची असते, वहिनी,” ते मला समजावत. “तशीच वातीला पाजली, तर वात गुणगुणते. घूंऽऽ. आणि ती घूं गाण्यात शिरते.” त्या लाल तारेला ते वात म्हणत. म्हणून वातीसाठी वेगळी वीज तयार करायची: आधी ट्रान्सफॉर्मरने कमी करायची, मग एकाच दिशेला वळवायची, मग थोराड कपॅसिटरमधून चहासारखी गाळायची. त्यांचं एक ब्रीद होतं, “वातीनं तापावं, तोंड घालू नये.” हे ते बहुधा मी बोलायला लागले की म्हणत. योगायोग असेल.

घूं त्यांना कुठेही सापडे. आमच्याकडे आले की ‘बसा’ म्हणायच्या आत फ्रिजला कान लावत. “थकलाय बिचारा,” म्हणत. जळगावच्या उन्हाळ्यात कूलर बंद करून शांतता ऐकणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, आम्ही घामाने निथळतोय आणि नाना बोट वर करून म्हणताहेत, “ऐका! काहीच नाही!” चोपड्याच्या एका लग्नात मंगलाष्टकं संपता संपता सगळ्यांनी अक्षता टाकल्या, नानांच्या मुठीत त्या तशाच राहिल्या. ते स्पीकरच्या मागे वाकून मांडववाल्याला विचारत होते, “भाऊ, अर्थिंग कुठे दिलंय?” माणसांचीही ते याच मापाने पारख करत. एका बडबड्या मेहुण्याबद्दल म्हणाले होते, “मनाने चांगला आहे, पण गाळलेला नाही.”

अक्का मात्र त्यांच्या खोलीकडे फिरकत नसत. नानांनी बटण दाबलं की त्या आतलं दार लावून घेत. मला वाटे, कंटाळल्या. कोण कंटाळणार नाही? पण याच अक्का एकेकाळी श्रावणात घरोघरी कानबाई बसते तेव्हा तिच्या गाण्यांत सगळ्या बायकांच्या पुढे असत. भडगावकडचं माहेर, आवाज असा की नैवेद्याच्या रोटाचं पुरण ढवळता ढवळता हात थांबावा. आणि आता घरात गाणं लागलं की दार बंद.

त्या दिवशी नाना धुळ्याला गेले होते. तिथे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडून त्यांनी नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला होता. अक्कांनी ऐकायला बसायचं मोठ्या मिनतवारीने कबूल केलं होतं, “एकदाव बससू. परत घूं उनी तर त्या डबामां बाजरीनं पीठ भरी टाकसू.” मी दुपारी गेले, तर अक्कांचा डोळा लागलेला. वाट बघत टेबलाशी बसले आणि पुढचं तुम्हाला माहीत आहेच. सगळे पीळ सोडले. तारा सरळ केल्या, शेजारी-शेजारी लावल्या, आणि लाल लोकरीने त्यांची छान जुडी बांधली. मेथीची बांधतात तशी. आणि डबा सुलटा करून ठेवला.

संध्याकाळी नाना एसटीतून ट्रान्सफॉर्मर मांडीवर घेऊन आले, पंच्यात गुंडाळून, बाळंतिणीच्या पोराला आणावं तसा. आल्या आल्या डबा न उलटता वरच्या वरच तो जोडून बसवला. अक्कांना खुर्ची दिली. मलाही बोलावलं. बटण दाबलं, वाती लाल झाल्या, आणि—

घूंऽऽऽ.

असली घूं त्या घराने ऐकली नव्हती. अक्कांनी दोन्ही हात कानांवर ठेवले, उठल्या आणि आतलं दार लावून घेतलं.

नानांनी डबा उलटा केला. लाल लोकर पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

“गुंता होता,” मी म्हणाले. “सोडवला.”

नाना रागावले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले आणि खाली बघून बोलले, “वहिनी, तिच्या कानात कायम घूं वाजते. बाहेर काही नसलं तरी. सगळे डॉक्टर झाले. ती म्हणते, तुमच्या डब्यातली घूं कोणती आणि माझ्या कानातली कोणती, तेच कळत नाही, मग भीती वाटते. तिच्या कानातली मला गाळता येत नाही. म्हणून बाहेरची गाळतो.”

मी इतकी वर्षं या माणसाची टिंगल करत होते. त्या संध्याकाळी कॉलनीभर सांगायला माझ्याकडे काही नव्हतं.

“पीळ कशासाठी असतो?” मी विचारलं.

“कच्च्या विजेची एक तार जाते, एक येते. गळ्यात गळा घालून राहिल्या की एकीची कुरकुर दुसरी गिळते. सुट्या पडल्या की दोघी गाण्याच्या तारेच्या कानाशी लागतात.”

“जावा-जावांसारखं.”

“तसंच. आणि तुम्ही त्यांना गाण्याच्या तारेलाच बांधून ठेवलंत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पदर खोचून त्या टेबलाशी बसले. जन्मभर कापसाच्या वाती वळल्यात मी. श्रावणात तर लाख वातींचा नेम. दोन तारा तळहातावर घेतल्या आणि वळल्या. एकसारखा, घट्ट, बारीक पीळ. नानांनी चष्मा पुसून पाहिला. “हा माझ्यापेक्षा चांगला आहे,” असं म्हणाले, पण फार हळू. पीळ डब्याच्या कडेकडेने, गाण्याच्या तारेपासून लांब नेला. अक्कांना बोलावलं नाही. कोणत्या तोंडाने बोलावणार?

बटण दाबलं. वाती लाल झाल्या. नानांनी बोट वर केलं. काहीच नाही. खरोखर काहीच नाही. बाहेर सायकलवरून जाणाऱ्या भंगारवाल्याची हाळी तेवढी.

मग त्यांनी एक जुनी कॅसेट लावली. आमच्याच गल्लीत कानबाईच्या वेळी त्यांनी भरून ठेवलेली. पुढे अक्कांचा आवाज, तरणाताठा, आणि मागून आम्ही बाकीच्या. त्यात एक आवाज सगळ्यांच्या आधी सुरू होऊन सगळ्यांच्या नंतर संपत होता. तो कोणाचा, हे मी सांगणार नाही.

आतलं दार उघडलं. अक्का उंबऱ्यात उभ्या राहिल्या, मग येऊन खुर्चीत बसल्या. नाना त्यांच्याकडे बघत नव्हते. डब्याकडेच बघत होते आणि चष्मा पुन्हा पुन्हा पुसत होते. दोन गाण्यांच्या मधली शांतता आली तेव्हा अक्कांनी मान तिरकी करून ऐकलं, आणि हात कानांवर नेले नाहीत.

निघताना त्या मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. मागे वळून नाना ऐकत नाहीत ना, ते पाहिलं, आणि माझा हात धरून म्हणाल्या, “कानमां घूं आजून शे, नानाले सांगू नको. पन उद्या बी ये. तुना तो बेसूर आवाज उना ना, का ती पळी जास.”