शनिवारचे गढूळ पाणी

जजसाहेब मुलीकडे कायमचे राहायला आले तेव्हा सोबत दोन बॅगा, एक काठी आणि सोफ्याएवढी लांब काचेची टाकी घेऊन आले. टाकीतले गोल्डफिश चांगले पोसलेले होते. एकेक मासा मोठ्या बटाट्याएवढा. पत्नी गेल्यावर घर आवरताना जजसाहेबांनी बाकीचे सामान वाटून टाकले होते, पण माशांचा विषय निघाला की ते खिडकीबाहेर बघू लागत. शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, त्यांनाही घेऊन या." मासे झाकणाच्या पिंपातून सुखरूप आले. फिल्टर मात्र जिन्यात हमालाच्या हातून निसटला आणि जागच्या जागी गेला.

"फिल्टरचं मी बघतो," जावईबापू म्हणाले. त्यांचे चष्म्याचे दुकान होते. काच हा आपला प्रांत, तेव्हा काचेच्या आतलेही आपल्याला कळणारच, अशी त्यांची समजूत होती.

तोपर्यंत दर रविवारी दोघांनी मिळून टाकीतले पाणी बदलायचे ठरले. ही जोडी तशी अवघडच. लग्नाला इतकी वर्षे झाली तरी सासऱ्या-जावयाचे बोलणे "प्रवास ठीक झाला ना?" आणि "तब्येत काय म्हणते?" यापुढे सरकले नव्हते. आता एकाच घरात राहायचे म्हटल्यावर प्रवासाचाही आधार गेला. जेवताना दोघेही मिठाच्या बरणीकडे टक लावून बसत.

पहिल्या रविवारी जजसाहेबांनी नळीचे एक टोक टाकीत सोडले, दुसरे तोंडात धरून जोरात ओढले आणि वेळेवर नळी काढायला विसरले. तोंडभर आले ते पाणी माशांनी आठवडाभर वापरलेले होते. जावईबापूंनी हसू लपवायला मान फिरवली, पण खांदे हलत होते. ते पाहून आधी जजसाहेबच खो-खो हसले. मग बादल्या वाहता वाहता दोघांची जीभ सुटली. पहिला निकाल वाचताना आपली कशी बोबडी वळली होती ते जजसाहेबांनी सांगितले. लग्नाआधी सासुरवाडीला पहिल्यांदा आलो तेव्हा चष्मा घरी विसरलो होतो, आणि सासरे समजून शेजाऱ्यांशीच अदबीने बोलत बसलो, हे जावईबापूंनी इतक्या वर्षांनी कबूल केले.

"तरीच," जजसाहेब म्हणाले. "शेजारी तुमचं फार कौतुक करायचे."

पण बादल्या वाहून म्हाताऱ्या माणसाची कंबर धरेल, ही काळजी जावईबापूंना होतीच. ते मत्स्यालयाच्या दुकानात गेले. तिथल्या बाईंनी टाकी केवढी विचारले, मासे कुठले विचारले, आणि 'गोल्डफिश' हा शब्द ऐकून दीर्घ श्वास सोडला.

"गोल्डफिश म्हणजे पाण्यातली म्हैस हो," त्या म्हणाल्या. "दिवसभर चरणार आणि दिवसभर घाण करणार. टाकी आहे त्याच्या दुप्पट ताकदीचा फिल्टर घ्या."

गिऱ्हाईकाला साधी काच पुरत असताना त्याला भारीतली कशी दाखवायची, हे जावईबापू स्वतः रोज करत. त्यामुळे बाईंच्या बोलण्यातला आपल्याच धंद्याचा सूर त्यांनी ओळखला, मनातल्या मनात हसले आणि स्पंजचा सर्वात लहान फिल्टर घेऊन आले. तो इमानदारीने बुडबुडे सोडत राहिला, आणि त्या बुडबुड्यांच्या साक्षीने पाणी भांडी धुतलेल्या पाण्यासारखे झाले. मासे काचेला तोंड लावून बाहेर बघत. आत बघण्यासारखे काही उरलेच नव्हते.

दुसरा फिल्टर टाकीच्या काठाला लटकणारा होता. पाणी त्याने स्वच्छ ठेवले, पण ते वरून धार धरून खाली पडे, आणि घरात कुणीतरी नळ सोडून गेल्यासारखा आवाज दिवसभर चाले. बायको सारखी उठून मोरीतले नळ बघून येई. त्या धारेचा दुसराही परिणाम होता. घरात माणसे तीन आणि संडास एक. दाराशी रांग लागू लागली. जजसाहेबांचे एक जुने स्नेही भेटायला आले, ते चहाचा कप हातात येण्याआधीच "जरा जाऊन येतो" म्हणून उठले, आणि जाईपर्यंत आणखी दोनदा उठले. निघताना त्यांनी जजसाहेबांना बाजूला घेऊन, आपल्याला एखादा चांगला डॉक्टर सुचवाल का, असे विचारले.

तिसऱ्या वेळी जावईबापूंनी मुकाट्याने बाईंचे ऐकले. टाकीखालच्या कपाटात ठेवायचा बादलीएवढा फिल्टर आला. माहितीपत्रक बाजूला सारून जावईबापूंनी स्वतःच्या अकलेने नळ्या जोडल्या आणि बटण दाबले. क्षणभर काही झाले नाही. मग आतली नळी सापासारखी उसळून काठाबाहेर आली, आणि पाण्याची सणसणीत धार समोर पेपर वाचत बसलेल्या जजसाहेबांवर पडली. जावईबापूंनी घाईने नळी पुन्हा पाण्यात दाबली, तर मासे धुण्याच्या मशीनमधल्या मोज्यांसारखे गरागरा फिरू लागले.

जजसाहेबांनी ओला पेपर झटकला. "जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "हा फिल्टर आहे की आगीचा बंब?"

दुकानातल्या बाई स्वतः घरी आल्या. त्यांनी नळीचे तोंड मागच्या काचेकडे वळवले, तोटी अर्धी बंद केली, आणि सगळे गप्प झाले. ना आवाज, ना वास. पाणी इतके नितळ झाले की मासे हवेत तरंगताहेत असे वाटे. बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. बादल्या माळ्यावर गेल्या. जावईबापू सासऱ्यांना अभिमानाने म्हणाले की आता तुम्ही रविवारी निवांत बसायचे. जजसाहेब बरे म्हणाले आणि निवांत बसले. जेवताना दोघे पुन्हा मिठाच्या बरणीकडे बघू लागले.

थोड्याच दिवसांत एका शनिवारी जावईबापू संध्याकाळी घरी आले तर पाणी गढूळ. रविवारी माळ्यावरून बादल्या उतरल्या. मग आठवडाभर पाणी आरशासारखे, आणि शनिवारी पुन्हा गढूळ. जावईबापूंनी फिल्टर उघडला, धुतला, पुन्हा जोडला. बाईंनी औषध दिले, मग दुसरे औषध दिले, मग कपाळाला हात लावला.

"इतकी वर्षं दुकान चालवते," त्या म्हणाल्या, "पण माशांना वार कळतो हे पहिल्यांदा ऐकते."

पुढच्या शनिवारी एका गिऱ्हाइकाची फ्रेम घरी राहिली म्हणून जावईबापू भर दुपारी परतले. बायको कामावर होती. चपला काढता काढता त्यांनी बैठकीत नजर टाकली आणि तिथेच थबकले. जजसाहेब स्टुलावर उभे होते. त्यांनी फिल्टर बंद केला होता, बाही कोपरापर्यंत वर केली होती, आणि काठीचे धुतलेले टोक टाकीत घालून ते तळाची वाळू मन लावून ढवळत होते.

"जरा कळ काढा रे," ते माशांना समजावत होते. "उद्या तो घरी आहे. उद्या करतो साफ."

जावईबापू फ्रेम न घेताच बाहेर पडले. जिन्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. चष्मा काढून त्यांनी दोनदा पुसला. काचा स्वच्छच होत्या. त्या संध्याकाळी जजसाहेबांनी पाणी बिघडल्याची बातमी चेहरा पाडून सांगितली, तेव्हा जावईबापूही गंभीर होऊन हळहळले. बाईंनी फोन करून कंपनीकडून फिल्टर बदलून देते म्हटले, तर त्यांनी नको सांगितले. फिल्टर उत्तम आहे, फक्त आमच्या घराला तो जरा जास्तच उत्तम पडतो, असे काहीसे ते बोलले. बाईंना ते अजून उलगडलेले नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मुलगी वडिलांना गुडघा दाखवायला डॉक्टरकडे घेऊन गेली. जावईबापू दुकान लवकर बंद करून आले. घर रिकामे होते आणि टाकीतले पाणी लखलखीत. उद्या रविवार. त्यांनी दाराकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, आणि स्टूल ओढले.

थोड्या वेळाने जजसाहेब लंगडत आत आले. जावईबापू सोफ्यावर पेपर वाचत बसले होते.

"बाबा, पाणी पुन्हा बिघडलं," ते पेपरातून डोके न काढता म्हणाले. "काय करावं कळत नाही."

जजसाहेबांनी टाकीकडे पाहिले. मग जावयाच्या बाहीकडे पाहिले; ती कोपरापर्यंत ओली होती आणि तिला वाळूचे दोन खडे चिकटले होते. उभा जन्म पुरावे तपासण्यात घालवलेल्या त्या माणसाने एक खडा चिमटीत उचलून नीट निरखला.

"काय करणार," तो म्हणाला. "ढवळताना फिल्टर बंद करत जा, म्हणजे त्यात वाळू जात नाही. आणि उद्या बादल्या जरा लवकरच काढू."