फोलराथांची टकटकणारी डिस्क

सोमवारी दुपारी एक वाजता एकेहार्ट फोलराथ यांच्या कॉम्प्युटरमधून ‘टक, टक, खर्रर्र’ असा आवाज आला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एरवी या वेळी ते लाइपझिगच्या कडेला, भाड्याच्या छोट्या बागांच्या वसाहतीत गस्तीवर असत. एक ते तीन शांततेची वेळ. त्या वेळात कुणी गवत कापायचं यंत्र लावलं की सेक्रेटरी फोलराथ नोटीस घेऊन कुंपणापाशी हजर! आज कंबर धरली म्हणून घरी होते, इतकंच.

“एकेहार्ट, वसाहतीचा इतिहास ह्याच्यातच ना रे?” बायको रोझलने विचारलं. अकरा वर्षं खपून त्यांनी शंभर वर्षांचा इतिहास लिहिला होता. उन्हाळ्यात छापायचा होता. “कॉपी आहे ना?”

“एक? तीन आहेत! रोज एकच्या ठोक्याला आपोआप होतात.”

“कुठे?”

“ह्याच्यातच. तीन वेगळ्या फोल्डरांत.”

रोझलने कपाळाला हात लावला.

डिस्कची वॉरंटी शनिवारी संपत होती. बिघाड सिद्ध झाला तर कंपनी आतला मजकूरही फुकट काढून देणार होती. मंगळवारी फोलराथ दुकानात गेले. काउंटरवरच्या टिल्गनरने डिस्क जोडली. ती लबाड गुपचूप फिरत राहिली.

“ठणठणीत आहे की, साहेब!”

“अहो, कॉपी करताना टकटकते. करून बघा ना!”

“गिऱ्हाइकाच्या फायलींना आम्ही हात लावत नाही. नियम आहे.”

नियम म्हटल्यावर फोलराथांची मान आपोआप हलली. मग स्वतःचाच राग आला.

“मी आवाज रेकॉर्ड करून आणू?”

“तो कशाचाही असेल. लेखी पुरावा आणा. तारीख, वेळ, सगळं. बाहेरच्या माणसाचा हवा, बायकोचा नको.”

बाहेरचा माणूस त्यांच्या बैठकीत येऊन टकटक कशाला मोजेल? फोलराथ हताश होऊन डिस्क घेऊन घरी आले आणि ती परत बसवली. बुधवारी एकला डिस्क पुन्हा खरवडायला लागली आणि दाराची बेल वाजली. दारात शेजारच्या फ्लॅटमधल्या क्यूनेलबाई, हातात जाडजूड वही.

“फोलराथसाहेब, घरमालकाला देण्याआधी तुम्हाला दाखवते. दोन आठवडे झाले, दुपारी डोळ्याला डोळा नाही! ऐका. चार मार्च, तेरा वाजून दोन मिनिटं. टकटक अठरा वेळा, मग खरवडणं, एकूण नऊ मिनिटं. पाच मार्च...”

“सहा मार्चला?” फोलराथ वहीवर वाकले.

“बावीस वेळा.”

“बावीस! रोझल, ऐकलंस? बावीस!” फोलराथांनी बाईंना चक्क मिठी मारली.

“अहो, ही तक्रार आहे!”

“काय देखणी तक्रार आहे! मला द्या ना ही.”

क्यूनेलबाईंनी वही छातीशी धरली. “देईन. पण खाली लिहून द्या, आवाज तुमचाच, तोही शांततेच्या वेळात. इमारतीतही एक ते तीन शांतताच असते. सहीनिशी.”

अकरा वर्षांत सत्तेचाळीस जणांना नोटीस देणारा माणूस पेन हातात घेऊन घामाघूम झाला. रोझल तोंडात रुमाल कोंबून हसत होती. शेवटी फोलराथांनी सही केली. कॉम्प्युटर वसाहतीचा, म्हणून सवयीने वसाहतीचा शिक्काही मारला.

शुक्रवारी टिल्गनरने वही दोनदा वाचली. “असा पुरावा जन्मात पाहिला नाही,” म्हणाला आणि अर्ज मंजूर करून टाकला.

महिन्याभरात नवी डिस्क आली आणि इतिहासही आला, तिन्ही प्रतींसकट. पण त्याच्या शेवटच्या प्रकरणात शांतता मोडणाऱ्यांची नावानिशी यादी होती, आणि शिक्का मारलेल्या कबुलीजबाबाची प्रत नियमाप्रमाणे वसाहतीच्या दप्तरात गेली होती. फोलराथ दोन दिवस तळमळले. प्रामाणिक माणूस, करणार काय! अठ्ठेचाळिसावं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, टकटकींच्या आकड्यांसह.

वसाहतीच्या शताब्दी समारंभाच्या दिवशी पुस्तक हातात पडलं की जो तो थेट शेवटचं पान उघडत होता. शंभर वर्षांकडे कुणी ढुंकून बघेना. बाकांवर हास्याचे फवारे उडत होते.

“सेक्रेटरी, अकरा वर्षांत एवढं छान काही लिहिलं नव्हतंत!” तीनदा नोटीस मिळालेले एक आजोबा डोळे पुसत म्हणाले.

फोलराथांना राग यायला हवा होता. पण त्यांचं लिखाण लोक आजवर फक्त कुंपणावरून काढून फाडत आले होते, आणि आज सहीसाठी रांग लागली होती. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्या माणसाला नाव विचारलं.