कोसमी नाल्याचा गार्ड

माणूस आणि सृष्टी यांच्यात अनादि काळापासून एक करार चालत आला आहे, असं मोठे लोक भाषणांतून सांगतात. आमच्या लामत्याच्या बाजूला या कराराची अंमलबजावणी छोट्या लाइनवरच्या एका निवृत्त रेल्वे गार्डाकडे होती. त्यासाठी त्यांच्याजवळ एक शिट्टी, एक लाल झेंडी आणि एक हिरवी झेंडी होती.

मी लामत्याच्या शाळेत बदलून आलो, त्याच आठवड्यात त्यांनी मला अडवलं. सायकलवरून कोसमी नाल्याच्या रपट्याशी पोचलो होतो. रपटा म्हणजे नाल्यातून पलीकडे जायचा बुटका दगडी रस्ता; त्यावरून पाणी जातं आणि माणसंही जातात. तेवढ्यात शिट्टी वाजली. करंजाच्या झाडाखालून गुडघ्यापर्यंत धोतर, वर बटणं तुटलेला काळा कोट आणि गळ्यात तुळशीची माळ अशी एक मूर्ती लाल झेंडी धरून पुढं आली.

"काहून गुरुजी, सिग्नल दिसत नाही का तुमाले?"

"कसला सिग्नल?"

"लाइन क्लिअर नाही. डाउन पॅसेंजर येऊन राह्यली."

रेल्वेचे रूळ तिथून बरेच लांब होते. मी या गृहस्थांच्या डोक्याविषयी विचार करत उभा राहिलो, तोच वरच्या डोहाकडून पाण्यात तपकिरी डोकी दिसू लागली. ऊद. पुस्तकी मराठीत पाणमांजरं. मोठी दोन, मागं पिल्लं. ती रपट्यावर चढली, अंग झटकलं आणि फर्स्ट क्लासचा उतारू थर्ड क्लासच्या डब्याकडे पाहतो तसं माझ्याकडे पाहून पलीकडे उतरली. शेवटचं पिल्लू पाण्यात गेल्यावर हिरवी झेंडी वर झाली.

"जा आता. अन् घंटी नका वाजवू, पुढच्या डोहात थांबा आहे तिचा."

हे गार्डकाका भोयर. रेल्वेनं त्यांना वयोमानानुसार सोडलं होतं, पण त्यांनी रेल्वेला सोडलं नव्हतं. जंगलाची सगळी व्यवस्था त्यांनी आपल्या खात्यात वर्ग करून घेतली होती. सांबर म्हणजे मालगाडी, कारण ते उशिरा येतं आणि बराच वेळ उभं राहतं. खंड्या हा तिकीट तपासनीस. तो गर्दीतून नेमका एकच उचलतो. बायका नाल्यात कपडे धुवायला बसल्या की काका त्यांना खालच्या अंगाला पाठवत. "हा वरचा डोह रनिंग रूम आहे, बाई. स्टाफ झोपून राह्यला." बायका हसत, पण जात. ट्रकवाले मात्र भांडत.

"काका, जाने दो ना, लेट हो रहा है!"

"लेट चालते. ॲक्सिडेंट नाही चालत."

ही सगळी शिस्त शोभेपुरती असती तर लोकांनी कधीच मोडून काढली असती. पण काकांना एक खरा शत्रू होता. आमच्याकडे मोहाच्या बियांचं तेल काढतात. मागं जी ढेप उरते, ती कुटून डोहात टाकली की पाण्यातले झाडून सगळे मासे मरून वर येतात. उन्हाळ्यात नाला आटून नुसते डोह राहिले, की कुणीतरी हा सोपा उद्योग करायचा. मासे गेले की ऊद जातात. म्हणून रपट्यावरून जाणाऱ्या प्रत्येक बैलगाडीची काका तपासणी करत.

तपासणीत एक अडचण होती. काकांना वास येत नसे. इंजिनाचा धूर खाऊन नाक कायमचं बंद झालं होतं. एकदा त्यांनी मला आग्रहानं नासलेल्या दुधाचा चहा पाजला होता आणि वर "कसा झाला?" असंही विचारलं होतं.

त्यामुळं वासाची ड्यूटी काकूंकडे होती. काकू रपट्याजवळच्या दगडावर भाजी निवडत बसायच्या. गाडी आली की काका लाल झेंडी दाखवायचे, काकू मान जराशी वर करायच्या, आणि एक तर "जाऊ द्या" म्हणायच्या, नाही तर "अवो, ढेप हाय." की गाडी परत. पोत्यावर तांदूळ पसरा, चारा रचा, काकूंचं नाक फसत नसे. एकदा एका गाडीवाल्यानं चिडून विचारलं, "काकू, याचा पगार भेटते का तुमाले?"

"कायचा पगार, बापू! पेन्शन ह्यांची, ड्यूटी माही."

काका त्यावर हसले नाहीत. ड्यूटीवर हसायची त्यांना सवय नव्हती.

काकांचा एकच हट्ट होता. या नाल्याला सरकारनं अभयारण्यात घ्यावं. जो साहेब रपट्यावरून जाई, त्याच्या जीपला लाल झेंडी दाखवून ते हे सांगत. "मी आज आहे, उद्या नाही. गार्ड रिटायर होते, लाइन नाही होत." साहेब लोक "हाँ, हाँ" म्हणत आणि हिरव्या झेंडीची वाट पाहत.

मग एका पावसाळ्यात काकू तापानं गेल्या. काका तेरावं करून रपट्यावर आले. त्या दगडावर त्यांनी कुणाला बसू दिलं नाही. पण तसं ते कुणाला बोलले नाहीत, नुसती लाल झेंडी गुंडाळून त्यावर ठेवायचे. मला वाटलं, बाकी सगळं जसंच्या तसं चाललं आहे.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सरकारला जंगलाची आठवण झाली. कोसमी नाला खरोखरच अभयारण्यात आला. उद्घाटनाला मंत्री यायचे ठरले, आणि त्यांच्या शुभहस्ते डोहात उत्तम जातीची मत्स्यबीजं सोडायची ठरली. रपट्याच्या दोन्ही बाजूंना चुना पडला. करंजाला पताका लागल्या. कोट काकांनी स्वतः धुतला आणि कुणाकडून तरी बटणं लावून घेतली, त्यातली दोन निराळ्या रंगाची होती. मी शाळेत पोरांकडून स्वागतगीत घोटून घेत होतो. पोरांना हिंदी गीताची चाल येईना आणि मला शब्द पटेनात.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी एक सरकारी ट्रक रपट्यावर आला. काकांनी तो रीतसर थांबवला. मागं पोती होती, तोंडं शिवलेली, वर शिशाचं सील. काकांनी एकेक सील हातानं चाचपून पाहिलं. सगळी शाबूत. रेल्वेत सीलबंद माल गार्ड उघडत नाही. त्याची जबाबदारी सील पाहण्यापुरती. त्यांनी हिरवी झेंडी दाखवली.

पोत्यांत मोहाची ढेप होती. कुण्या हुशार साहेबाच्या मते उत्तम जातीचे मासे सोडण्याआधी डोहातले जंगली मासे काढून टाकणं शास्त्रीय होतं. "पहले बेकार मछली साफ करनी पड़ती है," असं त्यांनी मला नंतर समजावून सांगितलं. मला ते लगेच समजलं, याचं त्यांना समाधान वाटलं.

मी संध्याकाळी गेलो तेव्हा डोह पांढरा झाला होता. खडस, बाम, मरळ, ज्यांची नावं मला येत होती ते आणि येत नव्हती तेही, पोट वर करून तरंगत होते. काका कमरेइतक्या पाण्यात शिरून मासे ओंजळीनं खालच्या स्वच्छ डोहात नेऊन सोडत होते. मेलेलेही. कोट अंगावरच होता.

सोहळा ठरल्याप्रमाणे झाला. मंत्र्यांनी सृष्टीशी असलेल्या आपल्या नात्यावर भाषण केलं आणि मत्स्यबीजं सोडली. ढेपेचा अंमल पाण्यात अजून होता, तरी ती फोटो निघेपर्यंत टिकली. काकांना हार घालायचा होता, पण ते सापडले नाहीत.

ऊद गेले. नाल्याच्या वरच्या अंगाला गेले की खाली वैनगंगेला गेले, कुणाला माहीत नाही. काका रोज संध्याकाळी रपट्यावर येत राहिले. अभयारण्याला आता चौकीदार मिळाला होता, पाटी होती, दंड होता. काकांना कुणी काही म्हणत नसे. ट्रकवाले जाता जाता विचारायचे, "काका, पॅसेंजर कुठं गेली तुमची?"

"लेट आहे," काका म्हणायचे. "रद्द नाही."

पुढं हिवाळ्यात गावात बातमी आली, की माळकरी भोयर मासे खाऊ लागले. बायको गेल्यावर माणूस बिघडतो, यावर चावडीचं एकमत झालं. मी विश्वास ठेवला नाही. पण लामत्याच्या बाजारात काका मासळीवाल्यासमोर बसलेले मीच पाहिले. घमेल्यातले जिवंत मांगूर ते एकेक निरखून घेत होते; एका बाजूची मिशी तुटलेला एक होता, तोही त्यांनी घेतला. मांगूर चिवट, थोड्या पाण्यात तासन्‌तास जगतो. मला पाहून ते लाजले नाहीत. पाणी भरलेली बादली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चला गुरुजी, हात लावा. हिसडू नका, अंदर पॅसेंजर आहे."

डोहाशी आलो. काकांनी मासे एकेक करून पाण्यात सोडले, शेंगदाणे टाकावेत इतक्या सहज.

"काका, हे कशाला?"

"ज्या स्टेशनावर खायले भेटत नाही, तिथं कोण उतरते?" ते म्हणाले. मग त्या दगडाकडे वळले. "सील पाह्यलं मी, गुरुजी. सील बरोबर होतं. तिनं नुसती मान वर केली असती..." ते बादली विसळून निघाले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होतो. मासळीवाला हा चौकीदाराचा साळा. घमेल्यातला एक मांगूर काकांनी वर उचलला. त्याची एका बाजूची मिशी तुटलेली होती. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, साळ्याकडे पाहिलं. साळा वजनकाट्याकडे पाहू लागला.

"हा रिटर्न तिकिटवाला दिसते," काका म्हणाले.

आणि त्यांनी तो मासा घासाघीस न करता दुसऱ्यांदा विकत घेतला.