यंत्राला धूळ चालत नाही

आरोग्य ही ज्याची त्याची जबाबदारी असते. यंत्राची निगा मात्र सर्वांची असते. कोणतंही कार्यालय याच पायावर उभं असतं. या गोष्टीतलं आरोग्य कार्यालय तर थेट दगडखाणीसमोर उभं होतं.

त्या खाणीच्या दगडात ॲस्बेस्टॉस निघालं. म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक तंतू. सुरुंग उडाला की ते हवेत, हवेतून छातीत, आणि तिथे एकदा शिरले की घरजावयासारखे मुक्काम ठोकतात. लोकांनी तक्रारी केल्या, एकूण तीनशे बारा. पैकी दोनशे नव्वद जण सांगताना खोकत असल्यामुळे त्यांचं म्हणणं नीट ऐकू आलं नाही, सबब बाद. उरलेल्या बावीस जणांना खोकलाच नव्हता, सबब त्यांना तक्रार कसली? तरीही उदार मनाने धूळ मोजायचं यंत्र मागवण्यात आलं.

यंत्र उत्तमच होतं. सोबतच्या पुस्तिकेत ठळक लिहिलं होतं : 'धुळीपासून जपावे. आत धूळ गेल्यास हमी रद्द.' साहेबांनी त्याच दिवशी यंत्राला जाड पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर शिवून घेतलं, कव्हरला चेन, चेनला कुलूप. (नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे तर प्रश्नच नाकाचा होता.) किल्ली मोजणीदाराच्या कमरेला. रोज सकाळी दहा वाजता तो वाकून कव्हरच्या आरपार काटा वाचायचा : शून्य. अकरा महिने शून्य. एवढा इमानी आकडा साऱ्या खात्यात दुसरा नव्हता, म्हणून त्याचा सत्कारही झाला. टाळ्या जरा कमी पडल्या, कारण बऱ्याच जणांचा एक हात तोंडावरच्या रुमालात गुंतला होता.

मोजणीदाराच्या घरी त्या शून्याला कुत्रं विचारत नव्हतं. बायको दिवसातून तीनदा खिडकीची कड पुसायची आणि तिन्ही वेळा फडकं पांढरंफटक निघायचं. आधी ती फडकं झटकताना खोकायची, मग जिना चढताना, आता बसल्या जागीही. ती खोकली की मोजणीदार रेडिओचा आवाज वाढवायचा. (जीव होता त्याचा तिच्यावर. गाणी तिच्याच आवडीची लावायचा.)

एके दिवशी ती म्हणाली, "अहो, एकदा काढून तर बघा ते कव्हर."

"वेड लागलंय का तुला? धूळ जाईल आत. बिघडेल ना यंत्र!"

"म्हणजे धूळ आहे."

"यंत्रापुरती आहे."

तिने फडकं खाली ठेवलं. "मग असं करा, तुमच्या टेबलखुर्च्यांची नोंद असते ना, त्या डेडस्टॉक रजिस्टरात माझंही नाव चढवा. कार्यालयाची वस्तू झाले की मलाही कोणीतरी जपेल."

हे मात्र त्याच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने जन्मातली दोन धाडसं एकदम केली. तिच्या नावाचा रीतसर अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला, आणि कुलूप काढून चेन ओढली. काट्याने उडी मारली, तो थेट शेवटच्या खुणेवर जाऊन आदळला आणि तिथेच अडकला.

त्याने लिहून आणलेला आकडा साहेबांनी नाकाला रुमाल लावून वाचला. त्यांना फार वाईट वाटलं. "बघा! तरी मी सांगत होतो. बिघडलं ना धुळीने!"

तशी नोंद झाली : आकडा अग्राह्य; यंत्र नादुरुस्त; कारण, धूळ. धुळीमुळे कोणाचं तरी नुकसान झाल्याची ही पहिलीच अधिकृत नोंद. नवं यंत्र आलं, दोन कव्हरांचं. किल्ली साहेबांकडे गेली. बायकोचा अर्जही तत्परतेने परत आला, शेरा होता : 'खरेदीची पावती जोडावी.'

तो वाचून ती हसत सुटली. हसता हसता खोकू लागली, आणि खोकला काही थांबेना. मोजणीदाराने या वेळी रेडिओ लावला नाही. तिच्या पाठीवरून हात फिरवत तो नुसता बसून राहिला.

खाणीचं म्हणाल तर उत्तम चाललंय. खडीला लांबलांबून मागणी आहे. तुमच्या दारासमोर परवा नवा रस्ता झाला ना, त्याची खडी कुठली ते विचारलंत का कोणाला?

उठलात? खिडकी लावून घेतलीत? शाब्बास. कव्हर बसलं. आता तुमचाही आकडा शून्य.