टक्कल, व्हिनेगर आणि तीन वर्षांचं संशोधन

सिनेमातल्या शास्त्रज्ञाचे केस नेहमी विस्कटलेले असतात. विस्कटायला आधी केस असावे लागतात, ही माझी अडचण. खरं तर शास्त्रज्ञ माझी बायको. ती पिकल्या फळांवर घोंघावणाऱ्या चिमुकल्या माश्यांचा अभ्यास करते. मी विमा कंपनीत कारकून. पण तिच्या संशोधनावर माहितीपट निघत होता, त्यातला एक प्रसंग आमच्या घरी चित्रित व्हायचा होता आणि शास्त्रज्ञाचा नवरा म्हणून मीही त्यात झळकणार, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं. (ऑफिसात सांगूनही टाकलं होतं.)

न्हावी म्हणाला, "सफरचंदाचं व्हिनेगर चोळा साहेब, आठवड्यात लव येते." आठवडाभर चोळलं. शूटिंगच्या सकाळीही लवेचा पत्ता नाही, तेव्हा उरलेली बाटली एकदम डोक्यावर ओतली.

टेबलावर शूटिंगसाठी प्रयोगशाळेतून आणलेली माश्यांची काचेची बाटली होती. म्हातारपणीही काही न विसरणारी माश्यांची जात बायकोने तीन वर्षं खपून तयार केली होती. (मी भाजीची पिशवी रोज विसरतो, त्यामुळे आमच्या घरात या संशोधनाला फार मान आहे.) प्रयोगशाळेतल्या बाकीच्या बाटल्या बुरशी लागून वाया गेल्या होत्या. उरली होती ती एवढीच.

बायको कपडे बदलायला आत गेली. बाटलीच्या तोंडाला कापसाचा मळकट बोळा. सिनेमात असलं काही नसतं. म्हटलं, छानसं चकचकीत बूच लावू. बोळा हातात आला आणि माश्या हवेत गेल्या.

"अगं, एक विचारू?"

"विचारा."

"तुझ्या माश्या घरी परत येतात का?"

ती एकच कानातलं घालून धावत आली. रिकामी बाटली पाहून ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "तीन वर्षं, अहो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात डोक्यावर काहीतरी चाललं. मी हात वर नेला.

"हात खाली," बायको म्हणाली. "डोक्याला काय लावलंय?"

"काही नाही."

"वास येतोय."

"व्हिनेगर."

"हलू नका. आंबलेल्या फळाचा वास म्हणजे त्यांना जेवणाचं आमंत्रण."

तिने पडदे ओढले, दिवा माझ्या डोक्यावर धरला. प्रकाश आणि वास दोन्ही एका जागी मिळाल्यावर माश्या पंगतीला बसल्या. बायको बारीक नळीने एकेक माशी ओढून बाटलीत सोडू लागली. तेवढ्यात माहितीपटाच्या दिग्दर्शिकाबाई आल्या आणि त्यांनी दार पटकन लोटून घेतलं. त्यांनी काही न विचारता कॅमेरा सुरू केला.

"गुदगुल्या होतात गं."

"बोलू नका. टक्कल हलतं."

दुपारपर्यंत बाटली पहिल्यासारखी भरली. बायकोने बोळा घट्ट बसवला आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली. "तुम्ही होतात म्हणून वाचल्या," ती म्हणाली. (मी नसतो तर उडाल्याच नसत्या, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही.) मी खूश होतो.

माहितीपटाच्या खेळाला मी सगळं ऑफिस बोलावलं. नवा शर्ट घातला. पडद्यावर बायको सुंदर दिसत होती, बोललीही झकास. मग पडदाभर काहीतरी गोल, ओलं, तुकतुकीत आलं आणि त्यावर माश्या मजेत फिरू लागल्या. माझा चेहरा कुठेच नव्हता. नवऱ्याचा उल्लेखही नव्हता.

शेजारी बसलेले हेडक्लार्क माझ्याकडे झुकले. "हे फळ कुठलं हो?"

"बाहेरचं असावं," मी घाईघाईने म्हणालो.

पलीकडून बायको पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "नाही हो, घरचंच आहे."