किमान एक वेगळा विद्यार्थी

युद्ध संपलं की मोठी माणसं तहावर सह्या करतात आणि उरलेलं भांडण लहान मुलांच्या ताब्यात देतात. मुलं ते नीट जपतात. अशाच एका दूरच्या देशातल्या शाळेवर कुणीतरी माहितीपट काढला होता. नदीच्या पलीकडून आलेल्या पोरांना तिथं मधल्या सुट्टीत 'पुलापलीकडचा' म्हणून छळतात. कोल्हापुरात अलीकडं युद्ध झालेलं नाही (गल्लीतल्या दोन मंडळांच्या मिरवणुका समोरासमोर येणं युद्धात धरत नाहीत). त्यामुळं असला छळ बाहेरून आणून दाखवावा लागतो, आणि राजारामपुरीतल्या एका शाळेनं तो आणायचं ठरवलं.

ठरवलं म्हणजे मुख्याध्यापक आकाराम सरांनी. सर मनानं चांगले आणि निवृत्तीला आलेले. जाण्याआधी शाळेच्या दारावर 'भेदभावमुक्त शाळा' हा पितळी फलक लागावा, एवढीच त्यांची इच्छा होती. फलक देणाऱ्या समितीच्या अटी सोप्या होत्या. माहितीपट दाखवावा, चर्चा घडवावी, साठ टक्के मुलांच्या डोळ्यांत पाणी यावं (सर्दी असलेली मुलं वगळून), आणि शाळेत किमान एक वेगळा विद्यार्थी असावा. ही शेवटची अट तर अगदीच रास्त होती. भेदभाव करायचा नाही, पण कुणाशी करायचा नाही, हे आधी ठरायला नको का?

शाळेच्या नशिबानं सातवीत सौंदर्या होती. सहावीपर्यंत ती सीमेपलीकडं अज्जीजवळ राहून कन्नड शाळेत शिकली आणि या जूनमध्ये वडिलांकडं आली. वडील बाळाप्पा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. पोरगी गणितात पहिली आली, पण मराठी बोलताना 'तो'चं 'ती' करायची. वर्गानं आठवड्याभरात तिचं नाव 'यंडुगुंडू' ठेवलं. दिवाळीपासून तिनं वर्गात तोंडच उघडलं नव्हतं. शिस्तीच्या दृष्टीनं शाळेनं ही प्रगती मानली होती.

माहितीपटाच्या दिवशी सकाळीच बाळाप्पा कामाच्या कपड्यांत सरांच्या खोलीत आला.

"सर, पोरीचा दाखला द्या. परत अज्जीकडं धाडतो."

मुलगी गेली तर फलक गेला.

"का हो? काय झालं?"

"जेवत न्हाय सर. यंडुगुंडू म्हणत्यात तिला."

"प्रेमानं म्हणतात हो, पावणं."

बाळाप्पा म्हणाला, "चौदा वर्सं झाली की सर मला इथं. अजून पावणंच?"

सरांना हा प्रश्न विषयाला सोडून वाटला. एवढा एक दिवस तिला बसू द्या, मग मी स्वतः लक्ष घालतो, असं त्यांनी सांगितलं. बाळाप्पा म्हणाला, पोरगी तुमास्नी लई मानती, तुमच्या भरवशावर ठेवतो.

तिला कुणी वेगळं वागवत नाही हे समितीला लांबूनही दिसावं, म्हणून सरांनी सौंदर्याला सगळ्यांच्या पुढं, एकटीला, वेगळ्या खुर्चीवर बसवलं.

माहितीपट चांगला होता. त्यात एका नव्या पोराला बाकीची पोरं घेरतात आणि एक शब्द म्हणायला लावतात. पलीकडच्यांना तो शब्द नीट म्हणता येत नाही. पोरगा चुकतो, पोरं फिदीफिदी हसतात, आणि तो भिंतीकडं तोंड करून डबा खातो. सभागृह हळहळलं. पहिल्या रांगेतल्या अमरसिंहनं नाक पुसलं (सौंदर्याचं 'यंडुगुंडू' असं बारसं त्यानंच केलं होतं). समितीच्या अध्यक्षा राजनंदिनीताईंनी ओल्या डोळ्यांनी मुलं मोजली. एकाहत्तर टक्के भरली.

मग चर्चा. अमरसिंहनं विचारलं, "सर, ती पोरं तर सगळी सारखीच दिसत्यात की. मग कोण कुठलं हे कळतंय कसं?"

सर म्हणाले, बाळांनो, हे आपल्याला समजणारच नाही, कारण आपल्याकडं असलं काही नाही. तेवढ्यात सौंदर्या उठली. कितीतरी महिन्यांनी उठली. सरांकडं बघून म्हणाली, "सर, ती सिनेमा खरी हाय."

सगळं सभागृह खो खो हसलं. मागून कुणीतरी 'ती सिनेमा, ती सिनेमा' असं म्हणूनही दाखवलं. ताई हसल्या. आणि सर, त्यांच्या मनात काहीएक नसताना, सगळ्यांच्या आधी हसले होते. सौंदर्या खाली बसली. तिला अजून काय सांगायचं होतं ते कुणी विचारलं नाही, चर्चेची वेळ संपली होती.

चहा घेताना ताईंनी फलक मंजूर झाल्याचं सांगितलं. "खाली तुमचं पूर्ण नाव घालायचंय. आडनाव काय, सर?"

सरांनी हळूच सांगितलं.

"हे आडनाव दोन्ही समाजांत असतंय, न्हाय का? म्हणजे तुम्ही नक्की कुठले?"

"हातकणंगल्याचा."

"गाव न्हाय हो विचारत," ताई गोड हसल्या. "सहज आपलं. प्रेमानं विचारतीय."

सरांच्या हातातला चहा निवला. याच प्रश्नाला टाळून सर इतकी वर्षं नुसते 'आकाराम सर' म्हणून जगले होते. त्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं, आणि तसेच उठून ते खोलीत आले. पोरीला न्यायला आलेला बाळाप्पा दारात उभा होता. लेक त्याच्यामागं, भिंतीकडं तोंड करून.

"राहू दे की तिला," सर म्हणाले. "मी बघतो आता. खरंच बघतो."

"ठेवली असती, सर. पन पोरगी म्हनती, सरबी हसलं."

सरांनी दाखल्यावर सही केली. बाळाप्पानं तो घडी करून खिशात घातला आणि रीतीप्रमाणं म्हणाला, "येतो सर."

"या, पावणं," सर बोलून गेले. जीभ चावली, पण तोवर ती दोघं जिना उतरली होती.

फलक दुसऱ्या दिवशी लागला. तो आता पूर्णपणे खरा आहे, कारण ज्याच्याशी भेदभाव करावा असं शाळेत कुणीच उरलेलं नाही.

राहता राहिलं सरांचं आडनाव. ते वर कुठंच आलेलं नाही. नजरचुकीनं सुटलं असेल म्हणून तुम्ही पुन्हा वर जाऊन शोधू नका. अमरसिंह, राजनंदिनीताई, बाळाप्पा, यांची आडनावंही आम्ही दिलेली नाहीत. पण ती तुम्हाला लागली नाहीत. ही माणसं कुठली, ते तुम्ही नाव वाचल्या वाचल्याच ओळखलं होतं, अगदी प्रेमानं.