आनंदरावांची वस्तू

आनंदराव साळुंखे चालताना उजवा हात हलवत नाहीत. डावा सगळ्यांसारखा पुढे-मागे होतो. उजवा कमरेपासून वीतभर लांब, जिथल्या तिथे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, काखेत गळू झालंय. मी तसं विचारलंही. मी विचारून टाकते. मनात ठेवलं की मला जेवण जात नाही.

"गळू न्हाई, अक्का," ते म्हणाले. "तिथं वस्तू असायची."

वस्तू म्हणजे रिव्हॉल्वर. सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावाचे ते पोलीस पाटील होते. तीस वर्षं परवाना होता आणि तीस वर्षं ती उजव्या कमरेला लटकत होती. चार वर्षांपूर्वी बायको गेली आणि मुलगी सुनीता त्यांना सिंगापूरला, बुकित बातोकमधल्या आपल्या घरी घेऊन आली. येण्याआधी त्यांनी वस्तू तालुक्याच्या ठाण्यात जमा केली, पावती घेतली आणि विमानात बसले. वस्तू तिकडे राहिली. हात मात्र तिला जागा सोडूनच चालतो.

मी त्यांच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये मुलाकडे राहते. मूळची मिरजेची. शिक्षण चौथी. सकाळी मुलगा आणि सून कामाला गेले की मी खाली बाकावर येऊन बसते. आनंदरावही येतात. आम्हा दोघांनाही चिनी येत नाही, इंग्रजी येत नाही, म्हणून ओळख झाली. इतर काही कारण नव्हतं.

त्यांचं बोलणं पंचनाम्यासारखं. "सदर चहात साखर नाही, नोंद असू द्या." जावयाला ते तोंडावर 'जावईबापू' म्हणतात आणि पाठीमागे 'सदर इसम'. "सदर इसम सकाळी साडेसातला ऑफिसकडे, वन-नॉर्थच्या दिशेनं निघाला, रात्री नऊला परतला. दरम्यान काय केलं ते अज्ञात." नात ईशा शाळेतून येताना हे ऐकते आणि इथल्या पोरांसारखं "आजोबा, सो ड्रामा लाह!" म्हणून लिफ्टमध्ये पळते.

सुनीतानं बजावून ठेवलंय, "बाबा, या देशात तो शब्द तोंडातूनही काढायचा नाही." ते काढत नाहीत. पण शब्द नाही काढला तरी बोटं आहेत. एकदा लिफ्टपाशी शेजारच्या चिनी आजीला त्यांनी आपण काय काम करत होतो ते खुणेनं सांगितलं. कमरेवर हात नेला, दोन बोटं पुढे केली, एक डोळा मिटला. आजी लिफ्टमध्ये शिरली आणि दार बंद होईपर्यंत बटण दाबत राहिली. दुसऱ्या दिवशी सुनीता संत्री घेऊन माफी मागायला गेली.

कॉफीच्या दुकानात ते भिंतीला पाठ लावूनच बसतात. पाठीमागून कुणी येता कामा नये म्हणे. इथे कोण येणार? ट्रे उचलणारी बाई येते. भिंतीकडची टेबलं बहुतेक आधीच अडवलेली असतात. इथली रीत अशी, की टेबलावर टिश्यूचं छोटं पाकीट ठेवलं की ती जागा आपली. माणूस खुशाल रांगेत जाऊन उभा राहतो, आणि त्या जागेला कुणी हात लावत नाही. आनंदराव त्या पाकिटाकडे कितीतरी वेळ बघत राहतात.

"बघा अक्का," एकदा म्हणाले, "आमच्याकडं बांधावर दोन माणसांनी उचलायचा दगड रोवला, तरी भांडणं हुतात. आणि हितं कागदाच्या रुमालावर राज्य चाललंय."

तेव्हा मला वाटलं, नेहमीची बडबड.

गेल्या वर्षी ठाण्यातून पत्र आलं. परवान्याची मुदत संपत आली होती. नूतनीकरण करा, नाहीतर शस्त्राची विल्हेवाट काय ते कळवा. त्याच महिन्यात आनंदरावांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला होता. कप बशीवर वाजायचा. हृदयाचं दुखणंही निघालं आणि डॉक्टरांनी विमान बंद केलं.

सुनीता म्हणाली, सरकारला देऊन टाका. ते ऐकेनात. वस्तू घरातच राहिली पाहिजे. नियम त्यांना पाठ होते. सत्तरी उलटली की जिवंतपणीच वारसाला देता येते. मात्र घेणाऱ्यानं आपला स्वतःचा परवाना काढायचा. पोलीस चौकशी, डॉक्टरांचा दाखला, चालवायला शिकल्याचा दाखला, बाकीच्या वारसांची ना-हरकत. सुनीता आता इथली नागरिक, तिला तिकडचा परवाना कुठून मिळणार? मुलगा नाही.

"महादूला देतो," ते म्हणाले.

महादू त्यांचा धाकटा भाऊ, नियमानं तोही वारस. सुनीता हातातलं भांडं ठेवून म्हणाली, "काकांना? बाबा, अठरा वर्षं तुम्ही त्यांच्याशी बोललेला नाहीत!"

"बोलायचं कशाला? देयाचीय."

तिनं ना-हरकतीवर सही केली, पण पत्र लिहायला नकार दिला आणि त्या कागदांची फाइल घरात नको म्हणाली. ईशाला मराठी लिहिता येत नाही. म्हणून एका सकाळी आनंदराव फाइल काखेत मारून माझ्या बाकावर आले.

"अक्का, तुमचं अक्षर कसं हाय?"

"अक्षर चांगलं आहे. शिक्षण चौथी."

"माझ्या पंचांचं तेवढंबी नव्हतं. घ्या लिहून."

त्यांनी सांगायला सुरुवात केली. "प्रति, महादेव ज्ञानू साळुंखे, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा शेती, यांसी. खाली सही करणार आनंदराव ज्ञानू साळुंखे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, सविनय सादर करतो की..."

मी पेन थांबवलं. "भावाला त्याचं वय कळवताय? बापाचं नाव सांगताय? तो विसरला असेल का?"

"नियमात बसाया पाहिजे, अक्का."

"अर्ज नियमात बसू दे. हे पत्र आहे. अठरा वर्षं तोंड बघितलं नाही त्याला वस्तू का देताय ते सांगा. नाहीतर मी चालले, घरी कुकर लावायचाय."

समोरून बस गेली. मग त्यांनी रस्त्याकडे बघत सांगितलं, त्यात सदर नव्हतं, इसम नव्हता.

दोघा भावांच्या शेतांमध्ये बांध होता. त्यावर दगड. आनंदरावांना वाटलं, महादूनं रातोरात दगड सरकवला, हातभर जमीन घेतली. महादू म्हणाला, मी हात लावला नाही. शब्दानं शब्द वाढला आणि आनंदरावांनी वस्तू काढून सख्ख्या भावावर रोखली. उडवली नाही. महादू पळाला नाही, ओरडला नाही. बांधावर खाली बसला आणि म्हणाला, "दादा, तिचं तोंड खाली कर. आई बघतीय." आई खरंच झोपडीच्या दारात उभी होती. त्या दिवसापासून महादू त्यांच्या दारावरून गेला नाही. लांबच्या वाटेनं जायचा. आईच्या तेराव्यालाही पंक्तीच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"आणि दगड?" मी विचारलं.

"दोन वर्सांनी सरकारी मोजणी झाली. नकाशा माझ्याकडं आला." त्यांचा हात मांडीवर थरथरत होता, त्यांनी दुसऱ्या हातानं तो दाबून धरला. "दगड जागच्या जागी हुता. मी नकाशा ट्रंकेत टाकला. कुणाला दावला न्हाई. आता ह्या फायलीत हाय."

मी म्हटलं, "तुम्ही माणूस वाईट आहात."

"व्हय," ते म्हणाले.

मग मी माझ्या मनानं लिहिलं. महादू, मोजणीत दगड जागेवरच निघाला होता. चूक माझी. नकाशा सोबत आहे. वस्तू तुला देतो, अर्ज भरून दे. दादा. एवढंच. वाचून दाखवलं. ते म्हणाले, "'चूक माझी' जरा खोडा की. 'गैरसमज झाला' लिवा."

"मी शाईनं लिहिते. खोडत नाही."

त्यांनी वेड्यावाकड्या अक्षरात सही केली.

दोन महिने काही आलं नाही. आनंदराव रोज खाली येत आणि पत्राचं नाव काढत नसत. जेवण कमी झालं, सुनीतानं मला सांगितलं. मला वाटलं, झालं, आता हा माणूस याच बाकावर संपणार. वाईट वाटलं का? वाटलं. पण सोळा वर्षं नकाशा दडवून ठेवणाऱ्याला दोन महिने जड गेले, तर त्यात अन्यायही नव्हता.

मग एका रविवारी सकाळी त्यांचा फोन वाजला. हात थरथरतो म्हणून ते फोन बाकावर ठेवून मोठ्या आवाजात लावतात, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"तीन फोटो लागत्यात म्हणं," पलीकडचा आवाज म्हणाला.

आनंदरावांनी माझ्याकडे बघितलं. मीच म्हटलं, "हो, तीन लागतात. डोक्यावर टोपी नको."

"बरं," महादू म्हणाला आणि ठेवला.

तेव्हापासून दर रविवारी फोन. बोलणं कागदाचंच. कोणता जोडला, कोणता राहिला. एकमेकांची तब्येत विचारली नाही, पाऊसपाण्याचं विचारलं नाही. ऑक्टोबरात महादूचा आवाज पडलेला होता.

"साहेबानं अर्ज परत दिला. म्हणं कारण चुकलं."

"काय कारण लिवलंस?"

"थोरल्या भावानं दिली म्हणून."

"आरं, असं लिवत्यात व्हय? स्वसंरक्षण लिव."

"कुणापासनं?" महादू म्हणाला. "मला एकाच माणसाचं भ्या हुतं. त्यो सिंगापूरला गेला."

आनंदराव हसले. मोठ्यानं हसले, मग खोकले, मग त्यांचा चेहरा बघवेना. बाटली शेजारीच भरलेली होती, तरी मी पाणी आणायला म्हणून कॉफीच्या दुकानापर्यंत जाऊन आले. परत आले तेव्हा दोघं रानडुकरावर बोलत होते. पीकसंरक्षण लिहावं की काय. एवढ्याशा वस्तूनं डुक्कर मरेल का. डुक्कर उलटं अंगावर आलं तर.

त्यानंतर मला एक गोष्ट दिसायला लागली. फाइल माझ्याकडे असायची आणि आनंदरावांकडून जायचे ते कागद मी लिहायची. आनंदरावांनी एका प्रतिज्ञापत्रात जन्माचं साल चुकीचं सांगितलं. मी म्हटलं, पासपोर्टवर वेगळं आहे. "तुम्ही लिवा वो." लिहिलं. ते परत आलं. पुढच्या वेळी गावाच्या नावात तालुका गाळायला लावला. तेही परत आलं. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांचे पंचनामे बिनचूक लिहून घेतले, तो आपला तालुका विसरतो?

तिकडे महादू काही कमी नव्हता. तीन वेळा फोटो पाठवले, तिन्ही वेळा टोपी घालून. डॉक्टरांचा दाखला आणला, त्यावर शिक्का नाही. शिक्का आणला, तर तारीख नाही. "साहेब वैतागला," तो सांगायचा, आणि त्याच्या आवाजात वैताग नसायचा. सुनीता म्हणायची, "मावशी, हे दोघं मिळून एक अर्ज भरू शकत नाहीत? कमाल आहे." मी म्हणायची, वय झालं.

पण सरकारी कागद किती वेळा परत येणार? कधीतरी एखादा साहेब कंटाळून मदतच करतो. या महिन्यात तसंच झालं. रविवारी फोन आला. आनंदराव कपडे बदलून, दाढी करून बसले होते.

"दादा, मंजूर झालं," महादू म्हणाला. "साहेबानं सोताच सगळं दुरुस्त करून दिलं. माझा परवाना झाला. ह्या आठवड्यात ठाण्यातनं वस्तू घिऊन जा म्हणाला."

"झालं?"

"व्हय. समदं झालं. आता काय ऱ्हायलं न्हाई."

पलीकडे कोंबडं ओरडलं. इकडे आनंदरावांचा हात बाकाच्या पट्टीवर टकटक वाजत होता आणि ते तो दाबून धरायला विसरले होते. मला वाटलं, आता तरी विचारा. कसा आहेस म्हणा. जेवलास का म्हणा. अठरा वर्षं गेली, आता दोघांत मिळून किती उरलीत ते कुणी सांगावं?

"महादू," आनंदराव म्हणाले, "काडतुसांचं काय? काडतुसांचा कागद निराळा लागतो न्हवं?"

पलीकडून आवाज आला, आणि तो मघापेक्षा मोकळा होता.

"लागत आसंल की. इचारतो साहेबाला. फुडल्या रविवारी सांगतो."

काडतुसं किती ते त्याच परवान्यावर, वस्तूच्या नावाखालच्या ओळीत लिहिलेलं असतं. निराळा कागद लागत नाही. हे मला या दोघांच्या फाइलीतूनच कळलं, आणि आनंदरावांनी तर ती ओळ तीस वर्षं वाचलेली आहे.

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "अक्का, घ्या लिहून. काडतुसं."

मी लिहून घेतलं.